दूरस्थ पडदा : एक्स विंडो सिस्टिमचा उगम आणि तिच्या मर्यादा

एका यंत्रावर गणन चालावे आणि त्याचे चित्र दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटावे, ही व्यवस्था लिनक्स वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. आलेख काढणारा प्रोग्राम प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर चालतो. त्याची खिडकी मात्र संशोधकाच्या घरच्या वैयक्तिक संगणकावर उघडते. ही सोय लिनक्सने निर्माण केलेली नाही. तिचा उगम लिनक्सच्या जन्मापूर्वी सात वर्षे, म्हणजे १९८४ साली झाला. तिच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, जागेचा प्रश्न तिच्या कर्त्यांनी आरंभीच सोडविला. परंतु विश्वासाचा आणि विलंबाचा असे दोन प्रश्न पुढील पिढ्यांवर सोपविले गेले.

मे १९८३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन व आयबीएम यांच्या साहाय्याने ‘प्रोजेक्ट अथीना’ हा उपक्रम हाती घेतला. अध्यापनात संगणकाचा सर्रास उपयोग व्हावा, हा त्याचा हेतू होता. दोन भिन्न कंपन्यांची यंत्रे एकाच आवारात नांदावयाची, तर कोणत्याही एका यंत्राशी न बांधलेली चित्रपद्धती आवश्यक होती. त्याच संस्थेतील रॉबर्ट शायफ्लर यांना ‘आर्गस’ या वितरित प्रणालीतील दोष शोधण्यासाठी अशाच साधनाची गरज होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल असेंटे व ब्रायन रीड यांनी ‘डब्ल्यू’ नावाची खिडकी-पद्धती तयार केली होती. तिच्यात प्रत्येक आज्ञेनंतर उत्तराची वाट पाहावी लागे. शायफ्लर यांनी ही प्रतीक्षा काढून टाकली, आज्ञा एकामागून एक धाडता येतील अशी रचना केली आणि जून १९८४ मध्ये तिला वर्णमालेतील पुढचे अक्षर, ‘एक्स’, हे नाव दिले. अथीनातील जिम गेटिस हे तिच्या घडणीत त्यांचे प्रमुख सहकारी होते. १५ सप्टेंबर १९८७ रोजी प्रसिद्ध झालेली अकरावी आवृत्ती आजही प्रचारात आहे.

या पद्धतीतील संज्ञा नवख्याला गोंधळात टाकतात. ‘सर्व्हर’ म्हटले की दूरचे मोठे यंत्र डोळ्यांपुढे येते. येथे प्रकार उलटा आहे. पडदा, कळफलक आणि माऊस ज्याच्या ताब्यात तो सर्व्हर. अर्थात तो वापरणाऱ्यासमोरच्या संगणकावर असतो. दूरच्या यंत्रावरील प्रोग्राम हा त्याचा क्लायंट, म्हणजे पडद्यावर जागा मागणारा अर्जदार होय. विंडोज असलेल्या संगणकावर एक्समिंग किंवा व्हीसीएक्स-सर्व्ह, आणि मॅकवर एक्सक्वार्ट्झ, अशी साधने बसवावी लागतात, ती याच कारणाने. १९९१ साली लिनक्स आले आणि पुढील वर्षीच एक्स त्यावर चालू लागले, तेव्हा दूरस्थ पडद्याचा हा वारसा त्याला आयताच मिळाला.

या वारशात एक उणीव होती. आरंभीची परवानगी यंत्राला दिली जाई, माणसाला नव्हे. परवानगी मिळालेल्या यंत्रावरील कोणीही पडद्यापर्यंत पोहोचू शके. पुढे गुप्त खूण दाखविण्याची पद्धत आली, तरी ती खूण तारांतून उघडीच जाई. याहून गंभीर बाब अशी की, एकदा आत आलेला प्रोग्राम इतरांच्या खिडक्यांतील मजकूर आणि कळफलकावर टंकलेले प्रत्येक अक्षर टिपू शकत असे. परस्परपरिचितांच्या आवारात हे चालण्यासारखे होते. खुल्या जाळ्यात नव्हते.

१९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला आणि तेथील तातू इलोनेन यांनी ‘एसएसएच’ हे साधन रचले. एक्सची वाहतूक त्याच्या सांकेतिक प्रवाहातून नेता येते. दूरच्या यंत्रावर एसएसएच एक नकली पडदा उभा करते आणि तेथील प्रोग्रामला बनावट खूण देते. खरी खूण वापरणाऱ्याच्या संगणकातच राहते आणि अदलाबदल तेथेच होते. यायोगे वाटेवरचा चोर दूर झाला, तथापि घरात घेतलेला पाहुणा तसाच राहिला. दूरचे यंत्रच दुसऱ्याच्या हाती गेले असेल, तर संपूर्ण विश्वासाने दिलेली जोडणी वापरणाऱ्याचा कळफलक त्याच्या स्वाधीन करते. म्हणून ओपनएसएसएचमध्ये मर्यादित आणि संपूर्ण विश्वासाचे दोन पर्याय वेगळे ठेवलेले आहेत.

विलंबाचा प्रश्न याहून चिवट ठरला. शायफ्लर यांनी प्रतीक्षा कमी केली, नाहीशी केली नाही. काही प्रश्नांची उत्तरे येईपर्यंत प्रोग्रामला थांबावेच लागते. एका फेरीस सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि खिडकी उघडण्यास अशा पन्नास फेऱ्या पडतात असे मानले, तर पाच सेकंद केवळ वाट पाहण्यात जातात. तार कितीही रुंद केली तरी हा काळ घटत नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथील प्रयोगशाळेतून १९९८ साली बाहेर आलेल्या व्हीएनसीने निराळा मार्ग धरला : खिडक्या दूरच्या यंत्रावरच काढाव्यात आणि तयार चित्र तेवढे पाठवावे. २००८ साली क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी आरंभिलेल्या ‘वेलँड’मध्ये तर दूरस्थ जोडणी मूळ नियमांतूनच वगळण्यात आली आणि एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी पाहण्याची मुभाही उरली नाही. दूरस्थतेसाठी तेथे ‘वेपाइप’सारखे स्वतंत्र साधन जोडावे लागते.

यावरून एक्सची मूळ कल्पना चुकीची होती, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. गणन आणि दर्शन यांची फारकत टिकली. बदलली ती त्यांच्यामधील सीमा. १९८४ साली ही सीमा एकमेकांना ओळखणाऱ्यांच्या आवारात आखली गेली होती, आणि ते आवार जगाएवढे झाल्यावर तिच्यावर पहारा बसविणे अटळ झाले. दूरच्या प्रोग्रामला पडदा देणे म्हणजे त्याला विश्वासाचा अधिकार देणे होय. तो किती द्यावा हे ठरविण्याचे काम कोणतेही साधन वापरणाऱ्याच्या शिरावरून पूर्णपणे उतरवू शकलेले नाही.