सार्ज कुठे अडला होता?

आमच्या ऑफिसात दर सोमवारी एक ठरलेला प्रश्न येतो. "रिलीज कधी?" मग आम्ही सगळे गंभीर चेहरे करून एक्सेल उघडतो. त्यात फीचर्स असतात, फीचर्सपुढे नावं असतात, नावांपुढे तारखा असतात. गेल्या खेपेला ज्या दोन गोष्टींमुळे आमचं रिलीज लांबलं (बिल्ड मशीनची तुडुंब भरलेली डिस्क, आणि सुट्टीवर गेलेल्या एकुलत्या एका माणसाला माहीत असलेला पासवर्ड) त्या मात्र एक्सेलमध्ये कुठेच नसतात. कारण ते काम कुणाचंच नसतं.

हा रोग फक्त पगारी लोकांच्या ऑफिसात असतो असा माझा समज होता. मग एका शनिवारी डेबियनचा इतिहास वाचत बसलो आणि समज दूर झाला. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

ज्यांना डेबियन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इयन मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ ला हा प्रकल्प जाहीर केला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावं जोडून 'डेबियन'. लिनक्सचा गाभा आणि त्यावर चालणारी हजारो सॉफ्टवेअर्स एकत्र बांधून, तपासून, फुकट वाटायची. आज उबुंटू त्यावरच उभं आहे. दर आवृत्तीला 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्राचं नाव देतात : पोटॅटो, वूडी, सार्ज, एच, लेनी.. काम करणारे सगळे स्वयंसेवक, जगभर पसरलेले. म्हणजे अक्षरशः लष्कराच्या भाकऱ्या!

डेबियनला लिखित घटना आहे (१९९८ पासून), आणि तिच्यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा मतितार्थ असा, की प्रकल्पासाठी काम करायची सक्ती कुणावरही नाही. तुम्ही दुसऱ्याच्या कामात मुद्दाम खोडा घालायचा नाही, पण 'हे काम तू कर' असं तुम्हाला कुणी म्हणू शकत नाही. निवडून आलेला प्रकल्पप्रमुखसुद्धा नाही. आता सांगा, अशा ठिकाणी प्राधान्यक्रम ठरवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

डेबियनने याला एक इंजिनिअरी उत्तर काढलं. २००० च्या शेवटी अँथनी टाउन्सने 'टेस्टिंग' नावाची एक मधली पायरी आणली. नवीन पॅकेज आधी 'अनस्टेबल'मध्ये जातं. तिथे ठरावीक दिवस काढले, सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर त्याचा बिल्ड झाला, ज्या पॅकेजेसवर ते अवलंबून आहे ती जागेवर असली आणि रिलीज अडवणारे नवे बग सापडले नाहीत, तर एक प्रोग्रॅम ते आपोआप टेस्टिंगमध्ये ढकलतो. म्हणजे रिलीजच्या वेळी लागणारी बरीचशी भांडणं यंत्रावर सोपवली. टेस्टिंग कायम जवळजवळ तयारच असेल, मग फ्रीज करायचं, उरलेले बग मारायचे आणि रिलीज! कागदावर फारच सुंदर.

पण 'सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर बिल्ड' हे चार शब्द लिहायला सोपे आहेत. तो बिल्ड कोण करणार? त्यासाठी जगभरात कुणाकुणाच्या दिलेल्या मशीन्सचं एक जाळं होतं. ती मशीन्स चालू ठेवणारे, त्यांच्या चाव्या सांभाळणारे, अडकलेले बिल्ड सोडवणारे लोक अगदी मोजके. सोसायटीच्या गणपतीला मखर करायला वीस पोरं येतात, पण गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करायला कोण येतं? तसंच.

पोटॅटो (ऑगस्ट २०००) सहा प्रकारच्या प्रोसेसरवर चालत होतं. वूडीमध्ये ते अकरावर नेलं. प्रत्येक नवा प्रोसेसर ही कुणाची तरी हौस, मेहनत आणि अभिमान. पण एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं, की दुरुस्त केलेलं पॅकेज अकराच्या अकरा ठिकाणी बांधून एकदम बाहेर काढावं लागतं, आणि तेही आधी गवगवा न करता. सहा होते तोवर मूठभर लोकांची सुरक्षा टीम हातानं रेटत होती. अकरा झाल्यावर जमेना. वूडी १ मे २००२ ला यायचं होतं. सॉफ्टवेअर बऱ्यापैकी तयार होतं. पण सुरक्षा अपडेट आपोआप बांधून देणारी यंत्रणाच नव्हती! ती उभी करण्यात दिवस गेले आणि वूडी आलं १९ जुलैला.

एवढं झाल्यावर धडा शिकले असतील ना? वाचा पुढे.

पुढची आवृत्ती सार्ज. काम सुरू असतानाच १९ नोव्हेंबर २००३ ला कुणीतरी एका डेव्हलपरचा चोरलेला पासवर्ड वापरून डेबियनच्या एका सर्व्हरवर शिरलं. तिथून लिनक्सच्या गाभ्यातल्या एका चुकीचा फायदा घेऊन रूट झालं, आणि बघता बघता चार सर्व्हर गेले. त्यांच्यावर काय होतं? बग ट्रॅकर, मेलिंग लिस्ट, वेबसाइट, सुरक्षेचं भांडार. म्हणजे ज्यांच्यावाचून हजारभर लोक एकमेकांशी बोलूसुद्धा शकत नाहीत त्याच गोष्टी. मुख्य पॅकेज भांडार वाचलं, हे नशीब. गंमत (?) म्हणजे गाभ्यातली ती चूक सप्टेंबरमध्येच दुरुस्त झाली होती, पण ती सुरक्षेची चूक आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळे पासवर्ड रद्द झाले, सर्व्हर पुसून पुन्हा उभे केले. कुठल्याही रिलीज-आराखड्यात 'चार सर्व्हर पुन्हा बांधणे' अशी ओळ नसते, पण त्या वेळी ते काम सगळ्यात पुढे जाऊन बसलं.

मग एप्रिल २००४ मध्ये डेबियनच्या 'सामाजिक करारा'ची भाषा सुधारायचं मतदान झालं. वरवर शब्दांची डागडुजी. पण रिलीज मॅनेजर टाउन्सने नवे शब्द वाचून सांगितलं, की आता मुक्त परवाना नसलेली कागदपत्रं आणि फर्मवेअरसुद्धा काढावी लागतील, म्हणजे सार्ज आणखी लांबणार. एकच हलकल्लोळ! शेवटी दुसरं मतदान घेऊन तो बदल सार्ज येईपर्यंत पुढे ढकलला.

ऑगस्ट २००४ मध्ये स्टीव्ह लँगासेक आणि कॉलिन वॉटसन या नव्या रिलीज मॅनेजरांनी वेळापत्रक जाहीर केलं. सार्ज सप्टेंबरमध्ये! नवीन इन्स्टॉलर, ज्याच्यावर बरीच वर्षं गेली होती, आता आकाराला आला होता. बग कमी होत होते. लोक खूश.

सप्टेंबर आला आणि गेला. अडलं कुठे? टेस्टिंगसाठी सुरक्षा अपडेट बांधणारी स्वयंचलित यंत्रणा तयार नव्हती. दोन वर्षांपूर्वी वूडी जिथे अडलं होतं, जवळजवळ त्याच दगडाला पुन्हा ठेच. पहिले पाढे पंचावन्न!

मला इथे थांबून विचार करावासा वाटला. हे लोक मूर्ख नव्हते, आळशी तर नव्हतेच. रोज रात्री नोकरीवरून घरी येऊन कोड लिहिणारी माणसं ही. पण हजारभर माणसांपैकी प्रत्येकाकडे 'आपलं' पॅकेज होतं. त्यातला बग म्हणजे आपली लाज, त्याची नवी आवृत्ती म्हणजे आपला आनंद. बिल्ड मशीन कुणाचंच 'आपलं' नव्हतं. शिवाय ज्याला मदत करायची इच्छा होती त्यालाही ती करता येईना, कारण त्या मशीनची चावी दोन-चार जणांकडे, आणि चावी भरवशाच्या माणसालाच द्यायची हेही बरोबरच (२००३ नंतर तर विचारूच नका). म्हणजे काम सगळ्यांच्या गरजेचं, पण हात लावायची मुभा मोजक्यांना, आणि त्या मोजक्यांना वेळ नाही. यादीत त्याला पहिला नंबर दिला असता तरी काय फरक पडला असता?

दरम्यान ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उभं राहिलेलं उबुंटू आलं. दर सहा महिन्यांनी रिलीज, तेही ठरलेल्या महिन्यात. त्यांनी मोजकेच प्रोसेसर घेतले, मोजक्याच पॅकेजेसची हमी दिली, आणि पगारी माणसं ठेवली.

मार्च २००५ मध्ये डेबियनच्या रिलीज आणि भांडार सांभाळणाऱ्या टीम्स कॅनडात व्हँकुवरला भेटल्या. तिथून एक प्रस्ताव आला : सार्जनंतर पूर्ण रिलीज बहुधा चारच प्रोसेसरसाठी. बाकीच्यांना यायचं असेल तर अटी पाळा. तो प्रोसेसर बाजारात नवा विकत मिळाला पाहिजे, बिल्ड मशीन्सनी येणाऱ्या पॅकेजेसचा वेग गाठला पाहिजे, एक मशीन बंद पडलं तर दुसरं जादा हवं, सुरक्षा टीमची तयारी हवी. मेलिंग लिस्टवर अर्थातच आग लागली. जुन्या अमिगा आणि मॅकवर डेबियन चालावं म्हणून वर्षानुवर्षं झटलेल्या लोकांना एका ईमेलने कळलं की तुमचं काम आता ओझं झालंय. तेही बंद दाराआडच्या बैठकीतून. राग येणारच.

पण त्या अटी नीट वाचल्या तर लक्षात येतं की पहिल्यांदाच कुणीतरी अदृश्य कामाचा हिशोब कागदावर मांडला होता. 'हे नको' एवढंच त्यात नव्हतं. 'हे हवं असेल तर त्याचा खर्च इतका, आणि तो तुम्ही उचला' असंही होतं. चारचा आकडा पुढे टिकला नाही, अटींची कल्पना मात्र टिकली. पुढच्या एच आवृत्तीत जुन्या मोटोरोला प्रोसेसरची शाखा बाहेर गेली (तिची मशीन्स वेग गाठू शकत नव्हती) आणि ६४-बिटचे साधे पीसी आत आले. संख्या पुन्हा अकराच. :-)

सार्ज अखेर ६ जून २००५ ला आलं. वूडीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी, १५,४०० च्या वर पॅकेजेस घेऊन. आणि आल्या आल्या काय निघालं? सीडीवरून नवीन इन्स्टॉल केलं तर सुरक्षा अपडेटचा पत्ता 'स्टेबल'ऐवजी 'टेस्टिंग'चा पडत होता, म्हणजे अपडेट मिळणारच नाहीत! लगेच सुधारलेल्या सीडी काढाव्या लागल्या. त्यानंतरही काही आठवडे सुरक्षा अपडेट नीट बाहेर पडेनात, ती घडी जुलैत बसली. ज्या कामासाठी दोन आवृत्त्या रखडल्या, ते काम रिलीजच्या दिवशीही पुरतं झालेलं नव्हतं.

मग पैशाने सुटेल का, हेही करून पाहिलं. २००६ मध्ये 'डंक-टँक' नावाने काही जणांनी वर्गणी काढली आणि दोन रिलीज मॅनेजरांना एकेक महिना पूर्णवेळ काम करायला पैसे दिले, म्हणजे एच ४ डिसेंबरला येईल. झालं उलटंच. 'आम्ही फुकट राबतो आणि त्यांना पगार?' म्हणून काहींनी हात आखडते घेतले, प्रकल्पप्रमुखाला काढायचं मतदान झालं (तो वाचला). एच आलं ८ एप्रिल २००७ ला. चार महिने उशिरा. पण सार्जशी तुलना केली तर दोन वर्षांच्या आत!

आणि तिथून पुढे पाहा. लेनी फेब्रुवारी २००९ (इन्स्टॉलरमध्ये मराठी आली ती याच आवृत्तीत), मग २०११, २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२१, २०२३, २०२५. दर दोन वर्षांनी एक, न चुकता. २००९ मध्ये त्यांनी आणखी एक शहाणपणा केला : रिलीजची तारीख न देता फ्रीजची वेळ आधी ठरवायचं तत्त्व घेतलं. पहिला प्रयत्न फसला, पण पुढच्या खेपेपासून सवय लागली. 'तयार होईल तेव्हा' हे डेबियनचं जुनं ब्रीद तसंच राहिलं, फक्त 'दार कधी बंद होणार' हे सगळ्यांना कित्येक महिने आधी कळायला लागलं.

एवढ्या सगळ्यातून मला कळलं ते असं. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात प्राधान्यक्रमाच्या यादीला फारशी किंमत नाही, कारण यादी कुणाला कामाला लावू शकत नाही. किंमत आहे ती सामायिक गोष्टींना मालक, जोडीदार आणि मर्यादा देण्याला. एका मशीनऐवजी दोन, एका चावीऐवजी तीन माणसं, आणि 'एवढंच पेलतं' असं उघड सांगायची हिंमत. डेबियनला हे कळायला तीन वर्षं आणि एका शाखेचा बळी लागला.

परवाच्या सोमवारी मी आमच्या एक्सेलमध्ये दोन ओळी वाढवल्या. 'बिल्ड मशीन' आणि 'पासवर्ड कुणाकुणाला माहीत'. नावाचा रकाना रिकामा ठेवून मीटिंगमध्ये विचारलं, कोण घेणार? अर्धा मिनिट शांतता. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

असो. सध्या माझं नाव आहे. दुसरं नाव शोधतोय.