उपपाणलोट : संपादकीय तळटीप

मोठ्या पाणलोट क्षेत्राच्या ज्या पोटविभागावर पडलेले पावसाचे पाणी अखेर एकाच ओढ्याच्या मुखाशी येते, तो उपपाणलोट. पुण्याचा आंबिल ओढा हा याचा ठळक दाखला होय. कात्रजच्या डोंगरउतारावरचे पाणी तेथील तलावांतून उतरून, अरण्येश्वर, सहकारनगर अशा वस्त्यांमधून वाहत, दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेस मिळते. प्रभागांच्या हद्दी या पाण्याला ठाऊक नसतात. त्यामुळे वरच्या अंगाला जमीन फरसबंद झाली, अथवा पात्रात भराव पडला, म्हणजे खालच्या मोरीचे माप ज्या जुन्या हिशेबावर ठरले, तो हिशेबच निरुपयोगी होतो, आणि त्याची झळ खालच्या अंगाच्या रहिवाशांना सोसावी लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याकाठच्या घरांत पाणी शिरून माणसे दगावली. आमच्या मते पावसाळी नाल्यांचा आराखडा प्रभागवार नव्हे, उपपाणलोटवार व्हावा, आणि बांधकामाचा परवाना देण्यापूर्वी त्या भूखंडाचे पाणी कोणत्या मोरीतून जाणार, याची नोंद दफ्तरी असावी.