उत्तराची वाट पाहणारा वर्ग

शाळेतला निबंध वाचतो कोण? मास्तर! मुलगा लिहितो, मास्तर तांबड्या शाईने चुका दाखवतात आणि वही पुन्हा दप्तरात जाते. मजकूर मनापासून वाचील असा वाचक त्या बिचाऱ्या निबंधाला लाभतच नाही. आज इंटरनेटने देशोदेशींचे वर्ग जोडले जातात. पण या गोष्टीचा आरंभ संगणकापासून झाला नाही. तो झाला एका हातछपाईच्या यंत्रापासून.

दक्षिण फ्रान्समध्ये, ग्रासच्या अत्तरांच्या मुलखात, बार-सुर-लू नावाचे डोंगरातले गाव आहे. १९२० साली सेलेस्तँ फ्रेने हा तरुण शिक्षक तेथे रुजू झाला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती. वर्गात फार वेळ बोलणे त्याला झेपेना. तेव्हा त्याने मुलांनाच बोलते केले. १९२४ साली वर्गात लहानसे छपाईयंत्र आले. मुलांनी पाहिलेले सांगावे, त्यांनीच खिळे जुळवावेत, त्यांनीच छापावे, असा पाठ सुरू झाला. थोड्याच काळात ही पाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाकडे टपालाने जाऊ लागली. तिकडून समुद्रकाठच्या मुलांची पाने येऊ लागली. निबंधाला वाचक मिळाला!

टपालाचे काम तारांनी करायला पुढे साठेक वर्षे लागली. १९८८ साली पीटर कोपन या अमेरिकन गृहस्थांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क राज्यातल्या बारा आणि मॉस्कोतल्या बारा शाळा जोडल्या गेल्या. शीतयुद्ध अजून सरले नव्हते. ज्यांची क्षेपणास्त्रे एकमेकांवर रोखलेली, त्या देशांची मुले संगणकावरून मिळून अभ्यास करू लागली. याच रोपट्यातून ‘आय-अर्न’ ही आंतरराष्ट्रीय संस्था वाढली. १९८९ च्या सुमारास अमेरिकेत ‘किड्स नेटवर्क’ सुरू झाले. आपापल्या गावच्या पावसाची आम्लता मुलांनी मोजावी, टेलिफोनच्या तारेवरून कळवावी, आणि सर्वांच्या नोंदींचा एकत्र नकाशा पाहावा, अशी ती योजना. एका गावचा पाऊस म्हणजे एक आकडा. अनेक गावांचा पाऊस म्हणजे शास्त्र.

आपल्या महाराष्ट्रानेही यात मान मिळवला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा वैराने दुभंगलेल्या देशांतील मुलांचा संवाद घडवणे, हेही त्यांच्या कामात होते. पुरस्काराच्या दहा लाख डॉलर्सपैकी अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली.

त्याच वर्षी टाळेबंदीत घरोघरी पडद्यावरची शाळा भरली. मीही शिकवीत होतो. काळ्या चौकटींपुढे मी बोलत राहिलो. पलीकडे मुले आहेत की नाहीत, तेही कळेना. यंत्र नवे, पण शाळा तीच जुनी, एकतर्फी! ज्यांच्या घरी फोनच नव्हता, त्यांच्या वाट्याला तीही आली नाही.

पुढे शाळा उघडल्यावर एके दिवशी कोकणातल्या एका वर्गाशी आमच्या मुलांची पडद्यावर गाठ घालून दिली. आवाज तुटत होता. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी एकदम उठून म्हणाली, “तुमच्याकडं समद्राचं पाणी खारट, मग प्यायला कुठनं आणता?” तिकडून उत्तर आले, “विहिरीचं. तुमच्याकडे विहिरी किती?”

आमचा वर्ग गप्प! कुणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आजोबांना विचारून, गावभर हिंडून विहिरींची यादी घेऊन आली. कोणती बुजली, कोणती आटली, कोणतीवर पूर्वी मोट चाले, सारे लिहिलेले. मी लाल पेन उचलले आणि पुन्हा खिशात ठेवले. ती यादी माझ्यासाठी नव्हतीच.

“गुरुजी,” तिने विचारले, “पुन्हा कधी जोडायचं?”