कचारगडची चढण आणि कंठस्थ इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, कचारगड हा डोंगर आहे. जवळचे रेल्वे स्थानक दरेकसा. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आदी राज्यांतून गोंड भाविक येथे येतात आणि रानवाट चढून डोंगराच्या पोटातील विशाल गुहेशी पोहोचतात. हिमालय चढलेल्यांच्या आठवणी आज पॉडकास्टवरून घरोघर ऐकल्या जातात. ना दोर, ना खिळे घेऊन पिढ्यान्‌पिढ्या चढणाऱ्या या मंडळींचा इतिहास मात्र बहुतांशी कंठस्थच आहे.

कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली, पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा मार्ग शोधला आणि हिरासुका पाटालीरने किंगरी छेडली, अशी कथा आहे. त्या सुरांनी मुलांना बळ आले, शिळा सरकली. वादक मात्र तिच्याखाली चिरडला गेला. तारण एका वादकाच्या प्राणांनी साधले, ही कल्पना ख्रिस्ती वाचकाला अगदीच परकी वाटू नये.

लिंगोचे गीत प्रथम कागदावर आणणाऱ्यांत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. परधान, म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक, यांच्याकडून ते त्यांनी मिळविले. १८६३ साली हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या पाठात गोंडांना महादेव कोंडतो, आणि स्थळाचे नाव काचीकोपा लोहागड असे येते. त्याची सांगड आज कचारगडशी घातली जाते. हिस्लॉप यांचे ऋण मोठेच. तथापि गायकाचा श्वास, किंगरीची तार, श्रोत्यांचा हुंकार कागदावर कसा उतरणार?

ही उणीव भरून काढणारे साधन आता हाताशी आहे. शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. साध्या फोनवरून गोंडीत बोलावे, ते ध्वनिमुद्रित व्हावे आणि इतरांनी फोनवरच ऐकावे, अशी ती योजना; इंटरनेटचीही गरज नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही.

कचारगडच्या यात्रेकरूंचे पॉडकास्ट करावयाचे, तर ते आधी गोंडीतच असावे; मराठी निवेदन मागून यावे. सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव, गाव आणि कुळातील देवांची संख्या नोंदवावी. दोघांचे पाठ जुळले नाहीत, तर संपादकाने ते जुळवू नयेत. आणि वृद्ध स्त्रियांना अवश्य विचारावे : पहिल्यांदा ही वाट कोणाबरोबर चढलात, आणि ती कथा तुम्हाला कोणी सांगितली?