बारा फोटोंचा रोल

1970 नंतर आमच्याकडं लग्नाला फोटोग्राफर यायचा, तो गळ्यात आगफा क्लिक थ्री अडकवून. बडोद्याला बनायचा हा कॅमेरा. 120 चा रोल, फोटो मोजून 12. रोल बहुधा इंदू, उटीच्या सरकारी कंपनीचा, काळा-पांढरा. कॅमेऱ्यावर सूर्य आन् ढग अशी खूण. आभाळ बघून खटका सरकवायचा, एवढंच एक्स्पोजर. फ्लॅश नसला की सावलीतला फोटो काळा पडायचा. म्हणून फोटोग्राफर पाठीवर ऊन घ्यायचा आन् माणसं उन्हाकडं तोंड करून उभी करायचा. जुन्या फोटोंत सगळ्यांचे डोळे बारीक दिसतात ते त्यामुळं.

12 फोटोंत आधी नवरा-नवरी, मग व्याही, मानकरी. चुलीपाशी राबणाऱ्या बायांपर्यंत ना रोल पुरायचा, ना उजेड. आमच्या भावकीत अशा कितीतरी आज्ज्या गेल्या. भिंतीवर एकीचाही फोटो नाही.