मुलकोवालचा चिमटा

श्रोतेहो, अंगात ताप घेऊन आपण तालुक्याच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर नाडी बघतात, जीभ बघतात आणि सांगतात, "रक्त तपासून या." बोटाला सुई टोचली जाते, थेंब काचपट्टीवर पसरतो आणि ती पट्टी आतल्या खोलीत जाते. आतल्या माणसाचे नाव आपण विचारीत नाही. हिवतापाचा जंतू आहे की नाही, हे मात्र पुष्कळदा तोच आधी पाहतो. असा माणूस शिकवून तयार करावा लागतो, ही गोष्ट आपल्या देशाला फार महागात पडून कळली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलाविले. हे गृहस्थ ओडेसाचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिरताना त्यांना जागा मिळाली होती ती सहायक ग्रंथपालाची! मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना थोडीशी जागा मिळाली आणि हाताखाली एक कारकून व तीन न शिकलेले मदतनीस. एवढ्या सरंजामावर त्यांनी लस केली. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांच्या खाली जंतूंच्या वाढीचे धागे लोंबू लागत, गुहेच्या छताला चुन्याच्या लोंब्या लोंबाव्या तसे. मग ती वाढ तापवून जंतू मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

आता विचार करा. ती बाटल्या भरणारी, बुचे बसविणारी, काच उकळणारी माणसे कोण होती? त्यांच्यासाठी शाळा नव्हती, परीक्षा नव्हती. जो हाताशी आला तो बघून बघून शिकला. आपल्या सुताराचा पोर शिकतो तसा. सुतारकामात हे चालते, कारण चूक झाली तर डोळ्यांना दिसते. जंतूंच्या कामात चूक दिसतच नाही.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबात मुलकोवाल नावाचे गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. काही दिवसांत त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळेच्या सगळे दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटलीवर खूण होती '५३ एन'. चौकशी झाली. मुंबईचे सरन्यायाधीश जेंकिन्स यांच्या आयोगाने निष्कर्ष काढला की दोष परळच्या प्रयोगशाळेतच शिरला असावा. हाफकिन यांचे काम काढून घेण्यात आले आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

पण कागदपत्रांत एक बारीकशी नोंद होती. त्या सकाळी बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात विसळला आणि तसाच वापरला. आता धनुर्वाताचे जंतू राहतात कोठे? शेणामातीत, गोठ्याच्या अंगणात तर विशेष. त्यांचे बीजाणू इतके चिवट की कार्बोलिकच्या क्षणभराच्या आंघोळीला दाद देत नाहीत. उलट परळहून निघतानाच ते बाटलीत असते, तर वाटेत वाढले असते आणि बूच काढताच घाण सुटली असती. तशी तक्रार कोणाची नव्हती. हिवतापावर संशोधन करणारे रोनाल्ड रॉस आणि आणखी काही शास्त्रज्ञ यांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे सांगितले. त्यानंतर त्यांना परत नेमण्यात आले. तेही परळला नव्हे, कलकत्त्याला.

त्या मदतनिसावर सारे खापर फोडणे मला पटत नाही. बीजाणू म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितले होते काय? चिमटा धुणे निराळे आणि निर्जंतुक करणे निराळे, हा भेद आज प्रयोगशाळेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात. दाबाच्या वाफेच्या भांड्यात १२१ अंशांवर निदान १५ मिनिटे, हा आकडा त्याला पाठ असावा लागतो. नमुन्यावर आधी क्रमांक व नाव, मगच तपासणी, हाही नियम तेवढाच कडक. '५३ एन' ही खूण नसती, तर ते १९ जण एकाच बाटलीचे, हे कळले तरी असते का?

गुरुजनहो, तुमच्या शाळेतला विज्ञानाकडे ओढा असलेला, हाताने नेटका मुलगा किंवा मुलगी असेल, तर बारावीनंतर या कामाची पदविका आहे, पदवीही आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाच्या शिक्षणाला व नोंदणीला एक चौकट घालून दिली आहे. प्रवेशापूर्वी एवढे पाहा की संस्थेला मान्यता आहे आणि चालत्या रुग्णालयाची प्रयोगशाळा जोडलेली आहे. नुसत्या फळ्यावर थुंकीतला क्षयाचा जंतू ओळखता येत नाही. शेकडो पट्ट्या डोळ्यांखालून जाव्या लागतात, आणि शंभर पट्ट्यांत काही सापडले नाही तरी एकशे एकावी तितक्याच लक्षाने पाहावी लागते. कंटाळ्याची तयारी ठेवा म्हणावे!

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. आज तिच्या पूर्ण नावात तीन कामे आहेत: प्रशिक्षण, संशोधन आणि चाचणी. त्यांत प्रशिक्षण पहिले आहे.