बाकदार पायाची कुळकथा

वर्धा–बल्लारशाह लोहमार्गावर वरोरा आणि भांदक यांच्या दरम्यान असलेले माजरी जंक्शन आज कोळशाच्या खाणींमुळे परिचित असले, तरी ज्या मुलखाच्या उंबरठ्यावर ते वसले आहे त्या चांदा-गडचिरोलीच्या मुलखाची जुनी कीर्ती सागवानाची. आणि त्याच सागवानाची, वेताने विणलेल्या बैठकीची एक खुर्ची जुन्या कचेऱ्यांत, वनखात्याच्या विश्रामगृहांत व मालगुजारांच्या वाड्यांत अद्याप क्वचित पाहावयास मिळते. तिचे पुढचे पाय कातीव, कड्याकड्यांचे असतात. मागचे पाय मात्र तलवारीच्या पात्यासारखा बाक घेऊन मागे झुकतात आणि तोच बाक अखंडपणे वर चढत पाठीच्या कमानीला जाऊन मिळतो. एकाच खुर्चीच्या या दोन जोड्यांची कुळे निरनिराळी आहेत.

मागच्या पायांचे कूळ अथेन्सला जाऊन भिडते. तेथील केरामायकोस नावाच्या दफनभूमीत हेगेसो नामक स्त्रीची, इ.स.पू. ४०० च्या सुमारास कोरलेली एक समाधिशिला मिळाली. दासीने पुढे केलेल्या पेटीतून अलंकार उचलून पाहणारी ती गृहिणी ज्या आसनावर बसली आहे त्यास ग्रीक लोक क्लिस्मॉस म्हणत. चारही पाय बाहेरच्या दिशेने वळलेले, पाठीची आडवी पट्टी खांद्यांना वेढून घेणारी, आणि सर्व देहावर अलंकरणाचा लवलेश नाही. केवळ रेषेच्या बळावर इतकी शोभा साधणारे आसन माझ्या मते मनुष्याने पुन्हा घडवलेले नाही. आश्चर्य असे की एकही लाकडी क्लिस्मॉस काळाच्या तडाख्यातून वाचलेला नाही. जे काही ज्ञात आहे ते शिलापटांवरून आणि मृत्पात्रांवरील चित्रांवरून. रोमनांनी हे आसन उचलले, पण त्याला जड केले. त्यांच्या अधिकाऱ्यांच्या प्रतिष्ठेचे खरे आसन निराळेच होते, आडव्या कातरीसारख्या पायांचे, घडी होणारे, हस्तिदंताने मढवलेले, सेल्ला कुरूलिस या नावाचे.

पुढे शतकानुशतके हा बाक विस्मृतीत पडून राहिला. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम व १७४८ मध्ये पॉम्पेई येथे उत्खनन सुरू झाले. रॉबर्ट अ‍ॅडमने १७५७ मध्ये स्प्लिट येथे जाऊन सम्राट डायोक्लेशनच्या प्रासादाची मोजमापे घेतली. १७६२ मध्ये स्टुअर्ट व रेव्हेट यांच्या अथेन्सविषयक ग्रंथाचा पहिला खंड निघाला. आणि युरोपातील अभिरुची पाहता पाहता प्राचीनांकडे वळली. चित्रकार दाव्हीदने आपल्या चित्रशाळेकरिता पॅरिसच्या झाकोब या कारागिराकडून प्राचीन धर्तीचे सामान करवून घेतले आणि १७८९ च्या आपल्या ब्रूटसविषयक चित्रात तसल्याच बाकदार खुर्चीला स्थान दिले. नेमक्या त्याच सुमारास, १७९० मध्ये, सवाई माधवरावांच्या पुणे दरबारी इंग्रज वकील मॅलेट तहाची बोलणी करीत होता; तो प्रसंग चित्रकार डॅनियलने रंगवला आहे आणि त्यात खुर्चीचा मागमूस नाही, सारा दरबार बिछायतीवर बसलेला आहे. पॅरिसला जे आसन क्रांतीचे वाटत होते त्याची येथे कोणास गरजही नव्हती, हे ध्यानात घेतल्याखेरीज या कुळकथेचा पुढचा भाग उमगत नाही.

लंडनमध्ये १८०७ साली टॉमस होपचा गृहसामानाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि बाकदार पायांची खुर्ची इंग्रजी दिवाणखान्यात स्थिरावली. पुढच्या दोन दशकांत तिचे पुढचे पाय कातीव झाले, मागचे तेवढे बाकदार राहिले. मुंबईत १८३३ मध्ये डोरिक स्तंभांचे टाऊन हॉल उभे राहिले, तेव्हा ही अभिरुची आपल्या किनाऱ्यावर साक्षात दगडात उतरली. चांद्यावर मात्र इंग्रजी अंमल बसला तो १८५४ मध्ये, नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर. तोवर खुद्द इंग्लंडात ही चाल मागे पडली होती. पण सरकारी दस्तूर फॅशनपेक्षा दीर्घायुषी असतो.

येथवर पोचताना खुर्चीने अंग बदलले, आणि हा बदल मला तिच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. युरोपात महोगनीचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवून व सोनेरी मुलाम्याने सजवून जे साधत, ते येथील चार महिन्यांच्या पावसाळ्यात टिकणारे नव्हते. सरस सुटतो, पापुद्रा उचलतो. म्हणून येथील सुताराने सबंध खुर्ची भरीव सागवानात घडवली, ज्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा शिवत नाही, आणि दमट होणाऱ्या गादीऐवजी वारा खेळता ठेवणारे वेताचे विणकाम घातले. बाकाची अडचण मात्र मूळचीच होती: सरळ फळीतून बाक कापला की लाकडाचे तंतू वळणापाशी तुटतात आणि पाय नेमका तेथेच दगा देतो. ग्रीकांनी लाकूड वाकवले की निसर्गतः वाकडे वाढलेले निवडले, यावर पंडितांत मतभेद आहेत. आलापल्लीच्या रानातील रुंद सरळसोट ओंडका हाती असलेल्या कारागिराला जाड फळी घेऊन बाक सौम्य ठेवण्याचा मार्ग खुला होता. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशाह दुवा पुरा होऊन दिल्ली व मद्रास जोडली गेली, आणि बल्लारपूरच्या आगारातील इमारती लाकडाला दोन्ही दिशा मोकळ्या झाल्या.

आता पुढच्या कातीव पायांकडे वळू. रोमन पलंगांचे पाय कातीव असत, एवढ्यावरून हे श्रेय रोमला देऊन टाकण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु कातकाम या भूमीत परके नव्हते. १९३८ मध्ये पॉम्पेईच्याच राखेतून अमेदेओ मैयुरी यांना हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या तेरला सापडल्या, आणि १९७३ च्या उत्खननात भोकरदनलाही एक खंडित मूर्ती निघाली. त्यामुळे ती दख्खनातूनच गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्या मस्तकावर एक छिद्र आहे, आणि त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान तिवईचा पाय असावी, असा तर्क केला जातो. तो दुसरा तर्क खरा असेल, तर ज्या नगरीच्या अवशेषांवरून युरोपाने आपल्या सामानाचे नमुने घेतले, त्या नगरीतल्या एका घरात आपल्या मुलखातल्या कारागिराने कोरलेला पाय इ.स. ७९ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकापूर्वीच उभा होता.